आवाजाआधीची तीन सेकंदं

माणूस बोलायला लागण्याआधी त्याची खोली बोलते.

व्हॉइस ओव्हरच्या ऑडिशनसाठी आलेल्या फाइल मी ऐकतो, तेव्हा पहिला शब्द यायच्या आतच मला बरंच काही कळलेलं असतं. डोक्यावर पत्रा आहे की स्लॅब. पंखा चालू आहे की बंद. खिडकी रस्त्याच्या अंगाला आहे का. शेजारी कुणी भांडी लावतंय. फाइल उघडली की तीन सेकंदांत एक घर कानात उभं राहतं. मग त्या घराच्या पाठीमागून आवाज निघतो, आणि ते सगळं घर ओलांडून त्याला माझ्यापर्यंत यायचं असतं.

पुष्कळ आवाज उंबऱ्यातच राहतात.

*

भोंगवली हे माझं आजोळ. भोर तालुक्याच्या पूर्व भागातलं, किकवीच्या बाजूचं गाव. रात्री वारा तिकडून असला की पुणे-सातारा महामार्गाची घरघर थेट अंथरुणापर्यंत येते. लहानपणी ती घरघर म्हणजेच शांतता, असं मला वाटायचं.

मामेभावाची मुलगी मला काका म्हणते. तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तो गावच्या सप्ताहात. पारायणाला बसलेल्या बायकांमध्ये ती ओवी वाचत होती. वीज गेली होती, माइक बंद पडला होता, आणि तरी मंडपाच्या टोकाला बसलेली म्हातारी माणसं मान हलवत होती. ओरडत नव्हती ती. शब्दाचं शेवटचं अक्षर खाली पडू देत नव्हती, एवढंच. मराठी बोलताना आपण वाक्याच्या शेवटी दम सोडून देतो. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि नेमकं तेच बुडतं. हिचं क्रियापद शेवटपर्यंत ताठ उभं होतं.

यंदा तिनं मुंबईतल्या एका स्टुडिओकडे नमुना पाठवला. उत्तर आलं नाही. दुसरीकडे पाठवला. तिथूनही नाही. "काका, माझा आवाज चांगला नाय का?" तिनं फोनवर विचारलं. मी फाइल मागवून घेतली.

आवाज त्या फाइलमध्ये होताच. पण त्याच्याआधी पत्रा होता. पुढच्या खोलीतली गुळगुळीत फरशी होती, नव्या रंगाच्या चार उघड्या भिंती होत्या, आणि प्रत्येक शब्द त्या भिंतींना शिवून परत येत होता. मध्येच बोअरची मोटर सुरू झाली. कोंबडा आरवला, तोही तिनं मुद्दाम घेतलेल्या विरामात. यातलं काहीच तिनं ऐकलं नव्हतं. जन्मापासून जे कानावर पडत आलं ते कान घरचं समजून वगळतो. माइकला घरचं आणि परकं कळत नाही.

तिला नाकारलं असं मी म्हणणार नाही. तिला कुणी ऐकलंच नव्हतं.

*

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. आमच्या बाजूच्या घरांमध्ये सकाळ घड्याळावर होत नसे, ती रेडिओवर होई. सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या, आणि सुधा नरवणे यांचा आवाज. आजोळचा रेडिओ जुनाट. त्याच्या आवाजात खरखर असायची, ढग आले की जास्तच. तरी एकही शब्द निसटत नसे. याचं कारण मला फार उशिरा कळलं. खरखर वाटेत मिसळत होती. निघताना आवाज स्वच्छ निघालेला होता.

वाटेत मिसळलेली घाण कान गाळून घेतो. उगमाशीच मिसळलेली गाळता येत नाही.

*

आकाशवाणीत आवाजाच्या परीक्षेला 'स्वरचाचणी' म्हणतात. शब्द नेमका आहे. चाचणी स्वराची; उमेदवाराच्या घराची नाही. सगळ्यांना एकच खोली, एकच माइक, तेवढंच अंतर. भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, दोन-दोन दारं, दारावर लाल दिवा. सधन घरातला मुलगा आणि वाडीवरची मुलगी एकाच खुर्चीत पाळीपाळीने बसत. फरक उरला तर तो गळ्याचा आणि तयारीचा.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांनी गायक-वादकांसाठीही अशीच चाचणी सक्तीची केली. परीक्षक दुसऱ्या खोलीत. गाणारा त्यांना दिसत नसे, ध्वनिक्षेपकातून येईल तेवढाच ऐकू येई. परीक्षक मंडळाच्या प्रमुखपदी श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखा पंडित होता. नामवंत कलाकार चिडले, काहींनी चाचणीला नकार दिला, आणि त्यांच्या रागात अर्थही होता. आयुष्यभर गायलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवू नये. पण त्या पद्धतीतली एक गोष्ट मला आजही मोलाची वाटते. चेहरा, कपडे, ओळखपाळख दाराबाहेर राहत असे.

आता ऑडिशन घरबसल्या होते. मुंबईची खेप वाचली, भाडं वाचलं, ही मोठीच सोय झाली. भोंगवलीतून कुणी स्टुडिओपर्यंत पोहोचेल हे वीस वर्षांपूर्वी मनातही आलं नसतं. पण स्टुडिओची ती समान खोली गेली, आणि प्रत्येकाची खोली त्याच्या आवाजाबरोबर परीक्षेला बसू लागली. ज्याच्या घरात एक बंद, भरलेली, शांत खोली आहे, तो चार पावलं पुढूनच निघतो.

शांतता ही आता जमिनीसारखी झाली आहे. कुणाकडे आहे, कुणाकडे नाही.

*

ऐकणाऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण मी त्याच बाजूला बसतो. समोर पाच-पन्नास फाइल असतात. ज्याची जाहिरात आहे तो संध्याकाळपर्यंत नावं मागत असतो. प्रत्येक फाइलला दहा सेकंदं मिळतात, कधी पाच. त्या पाच सेकंदांत मला तो आवाज चित्रावर बसवून पाहायचा असतो. आवाजाच्या अंगावर पत्र्याची खणखण असली की तो चित्रावर बसत नाही, पत्र्याखालीच बसून राहतो. मनाची कितीही तयारी असली तरी कान वैतागतो आणि बोट पुढच्या फाइलवर जातं. हे निर्दयपण नाही. पण त्याचा परिणाम निर्दयच असतो.

लोक म्हणतात, नंतर साफ करता येईल. काही गोष्टी येतात. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण कापता येते. पंख्याचा सततचा सूं आवाज कमी करता येतो. भिंतीवरून परतलेला आवाज मात्र काढता काढता जीव जातो, कारण तो परका नसतो. बोलणाऱ्याच्या शब्दाचाच तो तुकडा असतो, क्षणभर उशिरा आलेला. त्याला उपटायला जावं तर मूळ शब्दाची साल निघते.

ऑडिओबुकच्या कामात 'एसीएक्स' या अमेरिकी संस्थेची अट बहुतेकांना पाठ असते. कुणी बोलत नसताना खोलीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा. आकडा परका आहे, त्यातला अर्थ आपला आहे. तुमचं मौन किती खोल आहे, ते आधी दाखवा. मग बोला.

*

विजापूरचा गोल घुमट पाहिलेला प्रत्येक माणूस तिथे टाळी वाजवून आलेला आहे. एक टाळी अनेक होऊन परत येते, आणि आपण खूश होतो. पण त्या घुमटाखाली कुणी कुणाला पत्र वाचून दाखवू शकत नाही.

रायगडावर उलट अनुभव. नगारखान्याच्या दारात उभं राहून हळू बोललेलं सिंहासनाच्या जागी ऐकू जातं. मध्ये दोनशे फुटांहून अधिक अंतर, आणि शब्द जसाच्या तसा.

दोन्ही बांधकामंच. एक आवाज वाढवतं, दुसरं पोहोचवतं. नमुना पाठवणाऱ्यांपैकी पुष्कळांना पहिलं आवडतं. रिकाम्या खोलीत आपला आवाज भरदार वाटतो, न्हाणीघरात गाणं चांगलं वाटतं तसा. ती भर भिंतीची असते. ज्याला स्वतःचा आवाज घुमटाशिवाय, उघडा, जवळून ऐकवत नाही, त्याला या कामात पुढे जाता येत नाही. इथे श्रोता मंडपाच्या टोकाला बसलेला नसतो. तो कानात बसलेला असतो.

*

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं. बोललेला शब्द तिथे साडेपाच सेकंदं रेंगाळायचा. तेवढ्यात बोलणारा पुढे दहा-पंधरा शब्द बोलून गेलेला असे, आणि सगळ्यांचा काला व्हायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक करून व्याख्यानगृहात मांडल्या, आणि आवाज विरायला लागणारा वेळ दर खेपेला मोजला. सकाळी गाद्या परत जागेवर. असं रात्रीमागून रात्री. आज जगभरातली नाट्यगृहं आणि स्टुडिओ ज्या हिशेबावर उभे आहेत, त्या हिशेबाचा पाया गाद्यांवर घातला गेला.

हे मी मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काका, गाद्या नाहीत, पण वाकळा आहेत की."

*

मग मीच गावी गेलो.

पुढची नवी खोली आम्ही सोडून दिली. जुन्या घरात मागं एक धान्याची खोली आहे. मातीच्या भिंती, बसकं छत, एकच झरोका. तीन बाजूंना ज्वारी-बाजरीची पोती, कोपऱ्यात जुन्या कपड्यांची बोचकी. दिवसा तिथे कुणी जात नाही, कारण उजेड नाही आणि ऐसपैस जागाही नाही. आवाजाला नेमकं हेच हवं असतं. घरातली सगळ्यात गरीब खोली ध्वनिमुद्रणाला सगळ्यात श्रीमंत निघाली.

मुलीनं वलण बांधलं आणि त्याच्यावर दोन वाकळा सोडल्या, एक पाठीमागं, एक समोर. चवडीतल्या आणखी दोन जमिनीवर अंथरल्या. माझ्या मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. या वाकळा त्यांनी स्वतः शिवलेल्या, जुन्या लुगड्यांचे पदर आतून-बाहेरून लावून, बोटभर अंतरावर धावदोरा घालत.

"आगं, उन्हाळ्याच्या वाकळा कशापायी काढल्या?"

"आवाजाला, आजे."

"आवाजाला थंडी वाजती व्हय?"

मुलीनं त्यांना आत घेतलं आणि एक टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी विझली. मग पुढच्या खोलीत नेऊन तीच टाळी वाजवली. पत्रा खणाणला. मामींनी परत येऊन भिंतीला हात लावला, वाकळेला हात लावला, आणि काही न बोलता आतून तिसरी, सगळ्यात जाड वाकळ आणून दिली.

फोन एका पोत्यावर उभा केला. तोंडापासून एक वीत. हे माप माझ्या ओळखीच्या प्रत्येक साउंड रेकॉर्डिस्टला मान्य होईल. त्याहून दूर गेलं की खोली शिरते, जवळ गेलं की श्वास आदळतो. आमच्या भागातल्या माणसाला ही दुसरी अडचण जास्त. भोर, भाटघर, भोंगवली. तोंड उघडलं की 'भ'. महाप्राण अक्षर हवा घेऊन बाहेर पडतं आणि माइकवर धप्पकन आपटतं. तोंड अंगठाभर बाजूला वळवलं, की हवा शेजारून निघून जाते आणि अक्षर तेवढं माइकवर पोहोचतं. दहा वेळा तिनं आपल्याच गावाचं नाव घेतलं. अकराव्यांदा ते स्वच्छ आलं.

*

वाकळा घुमणं थांबवतात. बाहेरून येणारा आवाज त्या थांबवत नाहीत. ट्रकची घरघर जड असते, ती भिंतीतून, जमिनीतून येते. तिला अडवायला कापूस पुरत नाही, वेळ निवडावी लागते.

'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. नायक आपले मास्टर विठ्ठल. स्टुडिओला लागून रेल्वेचे रूळ. दिवसा गाड्यांमुळे ध्वनिमुद्रण अशक्य, म्हणून आर्देशीर इराणींनी बरंचसं चित्रण रात्री एक ते चारच्या दरम्यान केलं. माइक नटांच्या आसपास लपवलेले. हिंदी चित्रपटाला वाचा फुटली ती शेवटची गाडी गेल्यावर आणि पहिली गाडी येण्याआधी.

सॅबिनही रात्रीच काम करायचा. गरीब माणसाचा स्टुडिओ रात्रीच उघडतो.

आम्ही पहाटे तीनला उठलो. फ्रिज बंद केला, फोन विमानाच्या मोडवर टाकला, भिंतीवरचं घड्याळ काढून गादीखाली ठेवलं. मोटरीला वीज नव्हती. महामार्ग झोपत नाही, पण वारा पडला होता. कोंबडा उठायच्या आत आम्हाला काम संपवायचं होतं.

*

भोरचा राजवाडा किती हिंदी-मराठी चित्रपटांत दिसला असेल, याची गणती गावकऱ्यांनीही सोडली आहे. कॅमेरा आमच्या तालुक्यात वर्षानुवर्षं येतो आहे. पण तिथे बोललेले संवाद अनेकदा मुंबईच्या बंद खोलीत पुन्हा बोलले जातात. रूप भोरचं, आवाज मुंबईचा. याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे. आमच्याकडची बोली पडद्यावर आली तर बहुधा ती शिकून आलेली असते.

ही मुलगी तसल्या एखाद्या संवादाला आवाज देईल का, ते मला ठाऊक नाही. पण तिचा 'नाय' तिचाच असेल.

*

बारीकसारीक गोष्टींवर मराठीचं किती अवलंबून आहे, हे खराब फाइल ऐकताना कळतं. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा'. लिहायला एकच, बोलायला दोन. पहिल्यातला 'ज' दंततालव्य, दुसऱ्यातला तालव्य. 'च' चंही तसंच. चमच्यातला 'च' दातांजवळून निघतो, त्याच्या शेपटाला 'स' ची सळसळ असते. चहातला 'च' टाळूशी बसतो. त्या सळसळीचा मोठा भाग ४००० हर्ट्झच्या वर राहतो. साध्या टेलिफोनच्या तारेतून जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं. म्हणजे फोनवर आपण निम्मा 'च' ऐकत होतो आणि उरलेला मनानं भरून घेत होतो.

मनानं भरून घेणं हे आपल्या माणसासाठी होतं. अनोळखी नमुन्यासाठी कुणी एवढे कष्ट घेत नाही.

म्हणून चांगली फाइल व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटमधून पाठवू नये. ती वाटेत दाबली जाते, आणि पहिली चेंगरतात ती हीच नाजूक अक्षरं. म्हणूनच फोनमधली आवाज 'साफ' करणारी सोयही बंद ठेवावी. ती पंख्याबरोबर श्वासही पुसते, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळते. सप्ताहातल्या म्हाताऱ्या माणसांना मान हलवायला लावणारं नेमकं तेच अक्षर.

*

शरद केळकर लहानपणी बोलताना अडखळायचे. हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पुढे 'बाहुबली' च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला त्यांचा आवाज लाभला. गळ्यातली अडचण दूर करायला त्यांना वर्षं लागली असतील. खोलीतली अडचण एका संध्याकाळीत दूर होते. जे वर्षांत मिळतं ते कमावलेल्या कितीतरी मुलामुलींचं काम, जे संध्याकाळीत मिळतं ते नसल्यामुळे अडून बसलेलं मी पाहतो. याचा मला त्रास होतो, आणि म्हणून हे लिहितो आहे.

महागडा माइक घेतला की प्रश्न सुटेल असं पोरांना वाटतं. उघड्या खोलीत चांगला माइक म्हणजे जास्त चांगल्या तऱ्हेनं ऐकू येणारी उघडी खोली. पैसे जमवायचे असतील तर जरूर जमवावेत. पण पहिला खर्च वाकळेचा, आणि ती घरात असते.

*

पहाटे सव्वातीनला मुलीनं फोनवरचं बटण दाबलं. मी सांगितलं होतं, लगेच बोलू नकोस. पाच सेकंदं गप्प बस, खोलीला बोलू दे. ती गप्प बसली. अंधारात पोत्यांचा वास, वाकळांचा वास, कंदिलाच्या उजेडात कागद. मग तिनं श्वास घेतला आणि वाचायला लागली. तीन टेक झाले. तिसऱ्यात एक ओळ चुकली, तरी तोच ठेवला. ओळ परत घेता येते, तो टेक परत येत नव्हता.

नंतर हेडफोन लावून मी सुरुवात ऐकली. एक, दोन, तीन. काही नाही. पत्रा नाही, मोटर नाही, घर नाही. मग तिचा श्वास, आणि मग ती. जणू माझ्या शेजारी बसून बोलत होती. हेडफोन मी मामींच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ही एवढ्या जवळून कवा बोलली?"

फाइल चार वाजून दहा मिनिटांनी गेली. ती निवडली गेली की नाही, ते या लेखासाठी महत्त्वाचं नाही. या वेळी तिला ऐकलं गेलं, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो, कारण उत्तर आलं.

*

गावोगावच्या शाळांना, वाचनालयांना, ग्रामपंचायतींना माझी एक विनंती आहे. आतल्या बाजूची एक लहानशी खोली मोकळी ठेवा. तिच्या भिंतींवर वाकळा टांगा, दारावर 'आवाज करू नये' एवढी पाटी लावा, आणि ज्यांच्या घरी शांतता नाही अशा मुलामुलींना ती तासाभरासाठी द्या. याला निधी लागत नाही.

तुम्ही नमुना पाठवणारे असाल, तर पाठवण्याआधी हेडफोन लावा आणि आपण बोलायला लागण्याआधीची तीन सेकंदं ऐका. तुम्ही निवडणारे असाल, तर फाइल बंद करण्याआधी एक ओळ लिहा: आवाज चांगला आहे, खोली बदलून पुन्हा पाठवा.